*सीताफळाचं आइस्क्रीम घरच्या घरी : प्रथिनं चक्क्यातून, डब्यातून नाही*



आज फवारणीचं वेळापत्रक नाही आणि बाजारभावही नाही. आजचा मेसेज स्वयंपाकघरातला आहे. जरा मोठा आहे. आत्ता पाणी धरायला निघाला असाल तर स्टार करून ठेवा आणि रात्री जेवणं झाल्यावर घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. यात काम दोघांचंही आहे, बागवाल्याचं आणि गोठेवाल्याचं. बहुतेक घरांत ही दोन्ही माणसं एकच असतात म्हणा.

सुरुवात एका क्रेटपासून करतो. सीताफळाचा तोडा चालू असला की दर फेरीला दोन-तीन क्रेट असे निघतात ज्यांना व्यापारी हात लावत नाही. फळ किडकं नसतं, सडकंही नसतं. फक्त डोळे जास्त उघडलेले असतात, कुठे देठाजवळ चीर गेलेली असते, बोट लावलं की दबतं. गाडीत घातलं तर मार्केटला पोहोचेपर्यंत लगदा होणार, म्हणून ते बांधावर राहतं. थोडं आपण खातो, थोडं पाव्हण्यांना देतो, उरलेलं जनावरांपुढे जातं. खरं तर चवीला त्या दिवशी बागेतलं सगळ्यात गोड फळ तेच असतं.

आणि गोठ्याचं काय? सकाळ-संध्याकाळ कॅन भरून डेअरीला जातो. घरात चहापुरतं दूध राहतं, फार तर नातवाला एक पेला. दूध पिकवणाऱ्याच्याच घरात दूध कमी, ही गोष्ट कुणाला सांगून पटत नाही, पण तुमच्या-माझ्या घरात ती तशीच आहे.

मागच्या हंगामात आमच्या तात्यांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, खुब्याचं ऑपरेशन झालं. वय पंचाहत्तरीच्या पुढे, तोंडात दात चार. डॉक्टर म्हणाले, जखम भरायची आणि पाय पुन्हा उभा राहायचा तर प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. अंडी द्या, डाळ द्या, नाहीतर ही पावडर घ्या. अंडं तात्यांनी आयुष्यात खाल्लेलं नाही. डाळ दोन घास. पावडरचा डबा आणला, तो महाग होता एवढंच सांगतो. दोन दिवस प्यायले, तिसऱ्या दिवशी पेला बाजूला सारून म्हणाले, "खडूचं पाणी आहे हे." पण कुणाच्या तरी वाढदिवसाला आणलेलं आइस्क्रीम मात्र त्यांनी पूर्ण खाल्लं आणि वाटी चाटूनपुसून परत दिली. तेव्हा डोक्यात आलं की खाणार असतील तर हेच खाऊ दे, फक्त यात प्रथिनं घालायची कशी ते बघू.

पहिल्या दोन वेळा फसलो. काय चुकलं ते पुढे ओघात सांगतो, म्हणजे तुमचं दूध वाया जाणार नाही.

*आधी थोडा हिशेब*

आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. एका ज्वारीच्या भाकरीतून ५-६ ग्रॅम मिळतात, वाटीभर पातळ वरणातून ४-५, एका अंड्यातून ६. कष्ट करणारा गडी तीन भाकरी, कालवण आणि मूठभर शेंगदाणे खातो तेव्हा त्याचं बऱ्यापैकी भागतं. मारामार होते ती अर्धी भाकर खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची, जेवणाला नाक मुरडणाऱ्या पोरांची, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणाऱ्या बाईची. गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर तिला नेहमीपेक्षा जास्तच लागतात.

आता विकतचं आइस्क्रीम बघा. त्यात प्रथिनं साधारण साडेतीन-चार टक्के असतात. पण ते विकलं जातं मापाने, वजनाने नाही, आणि फेटताना त्यात हवा भरलेली असते. एक लिटर आइस्क्रीमचं वजन नियमाप्रमाणे किमान ५२५ ग्रॅम भरलं तरी चालतं. म्हणजे १०० मिलीच्या कपात माल ५०-६० ग्रॅम आणि प्रथिनं जेमतेम २ ग्रॅम. घरी केलेल्यात हवा फार भरत नाही, त्यामुळे तेवढ्याच मापाच्या कपात जवळपास ९० ग्रॅम माल बसतो. खाली दिलेल्या प्रमाणाने केलं तर १०० ग्रॅमला साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पडतात. म्हणजे कप तेवढाच, पण प्रथिनं तिप्पट. दीडशे ग्रॅमची वाटी खाल्ली तर १० ग्रॅम, म्हणजे दीड अंड्याहून थोडी जास्तच. हा हिशेब घरचा आहे, प्रयोगशाळेचा नाही. तुमच्या दुधाप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल.

*पावडर का नको, चक्का का*

माझी पहिली चूक इथे झाली. प्रथिनं वाढवायची म्हणून मी दुधात स्किम दूध पावडर भसाभस घातली. पावडरमध्ये प्रथिनं ३५ टक्क्यांच्या आसपास असतात हे खरं, पण निम्म्याहून जास्त दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज असतं. ही साखर गारठ्यात विरघळलेली राहत नाही, तिचे बारीक खडे बसतात. दुसऱ्या दिवशी तात्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि विचारलं, "वाळू पडली का रे यात?" बरोबरच होतं, दाताखाली चरचरत होतं.

चक्क्यात हा प्रश्न येत नाही. श्रीखंडासाठी दही टांगतो ना, तोच चक्का. दही फडक्यात बांधून टांगलं की पाण्याबरोबर बरीचशी लॅक्टोज निघून जाते आणि प्रथिनं फडक्यात राहतात. दूध विरजण्याआधी चांगलं उकळलेलं असेल तर आणखी जास्त राहतात, कारण उकळल्यावर निवळीत जाणारी प्रथिनंही दह्याला धरून बसतात. दोन लिटर म्हशीच्या दुधात प्रथिनं ८० ग्रॅमच्या घरात असतात, त्यातली ७० ग्रॅमच्या आसपास चक्क्यात येतात. हे सगळं करायला लागतं काय, तर एक फडकं आणि एक खुंटी.

गाईचं दूध असेल तरी चालतं, पण चक्का कमी पडतो. गाईच्या दुधात प्रथिनं ३.२ टक्क्यांच्या आसपास, म्हशीच्या ४ च्या आसपास, म्हणून गाईचं दूध अडीच लिटर घ्या. तुपासाठी साय काढून घेता ना, त्या साय काढलेल्या दुधाचाही चक्का उत्तम होतो. त्यात प्रथिनांचं प्रमाण उलट जास्त असतं. मात्र सगळंच साय काढलेलं घेऊ नका, आइस्क्रीम बर्फाळ होतं. निम्मं तसं, निम्मं सायीसकट घ्या.

*सीताफळाचा गर : इथे सांभाळा*

माझी दुसरी चूक ही. बासुंदी करतो तसं मी गर दुधात घालून उकळला. सगळं पातेलं कडू! सीताफळाचा गर ६०-६५ अंशांच्या पुढे तापला की कडवट होतो आणि रंगही काळवंडतो. म्हणून सीताफळ बासुंदीतसुद्धा गर नेहमी शेवटी, गार झाल्यावर घालतात. आमच्या काकूंना हे माहीत होतं, मीच विचारलं नाही.

फळ पूर्ण पिकलेलं हवं. अर्धवट पिकलेल्याचा गर गोड लागत नाही आणि कडवटपणाही लवकर येतो. फळ स्वच्छ धुऊन, पुसून, हाताने दोन भाग करा आणि स्टीलच्या चमच्याने गर काढा. साल खरवडू नका. सालीलगतचा थर रवाळ असतो आणि तोच आधी काळा पडतो. चार चमचे कमी मिळाले तरी चालेल.

बिया काढायला गर स्टीलच्या चाळणीत घेऊन वाटीच्या बुडाने गोल गोल फिरवा. *बियांसकट मिक्सर फिरवू नका.* अख्खी बी चुकून पोटात गेली तर तशीच बाहेर पडते, पण फुटलेली बी विषारी असते. तिची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते, हे आपल्याकडे जुन्या लोकांना चांगलं माहीत आहे. गरात बीचा तुकडा दिसला तर तेवढा भाग काढून टाका. बिया लहान मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका.

गर निघाला की लगेच त्यात लिंबू पिळा, किलोभर गराला अर्धं लिंबू पुरे. रंग टिकतो. लोखंडी, पितळी, तांब्याचं भांडं वापरू नका. त्याच दिवशी करायचं नसेल तर गर पिशवीत घालून हाताने चपटा करा, हवा काढा आणि फ्रीझरमध्ये आडवा ठेवा. चपटी पिशवी लवकर गोठते आणि लवकर सुटते. उंच डब्यात भरून ठेवला तर मधला भाग गोठेपर्यंत काळा होतो.

बाळानगर असो, फुले पुरंदर असो, एनएमके गोल्डन असो, कोणतंही चालेल. गोल्डनमध्ये बिया कमी आणि गर जास्त, त्यामुळे काम लवकर उरकतं. वासाला मला स्वतःला आपलं जुनं गावठी आवडतं, पण ते ज्याचं त्याने ठरवावं.

आणि एक. बाजूला पडलेलं फळ घ्या म्हणालो, सडलेलं नाही. काळ्या डागाखाली गर मऊ-तपकिरी झालेला असेल, आंबूस वास येत असेल, अळी असेल, तर ते खड्ड्यातच टाका. पिठ्या ढेकूण नुसता वरून असेल तर पाण्याखाली ब्रशने घासून काढा. ज्या प्लॉटमध्ये फवारणी झाली आहे तिथे लेबलवर दिलेले दिवस पूर्ण झाल्याशिवाय घरासाठीसुद्धा फळ तोडू नका. विकायच्या मालाला नियम आणि घरच्याला सूट, असं कीटकनाशकाला कळत नाही.

*प्रमाण (साधारण पावणेदोन किलो आइस्क्रीम, दहा-अकरा वाट्या)*

म्हशीचं दूध : २ लिटर चक्क्यासाठी, शिवाय अर्धा लिटर वेगळं
स्किम दूध पावडर : ५० ग्रॅम, यापेक्षा जास्त नाही
साखर : १३० ग्रॅम
सीताफळाचा गर : ४०० ग्रॅम (साधारण किलोभर फळं)
कॉर्नफ्लॉवर किंवा आरारूट : १ मोठा चमचा
मीठ : चिमूटभर

फ्रीझर लहान असेल तर सगळं निम्मं करा.

*पहिला दिवस, संध्याकाळ.* दोन लिटर दूध चांगलं उकळा आणि उकळी आल्यावर मंद आचेवर पाच-दहा मिनिटं राहू द्या. कोमट झालं की विरजण लावा. विरजण ताजं, गोडसर दह्याचं घ्या. आंबट विरजण लावलं तर आइस्क्रीमही आंबट होणार, मग साखर वाढवत बसावं लागतं.

*दुसरा दिवस, सकाळ.* दही लागलं की लगेच धुतलेल्या सुती फडक्यात बांधून टांगा. उन्हाळा असेल तर टांगून ठेवू नका, आंबतं. गठुळं चाळणीत ठेवून चाळणी पातेल्यावर आणि सगळंच फ्रीजमध्ये ठेवा, वरून वाटीचं वजन द्या. सहा-आठ तासांत साधारण ७०० ग्रॅम चक्का मिळेल. खाली लिटर-सव्वा लिटर पाणी निघेल, ते फेकू नका. थालीपिठाच्या, भाकरीच्या पिठात घाला किंवा कढी करा. आमच्याकडे त्यातलं थोडं आमटीतही जातं, कुणाला कळतसुद्धा नाही.

*दुपार.* अर्धा लिटर दुधातलं अर्धी वाटी गार दूध बाजूला काढून त्यात कॉर्नफ्लॉवर आणि दूध पावडर गुठळ्या न ठेवता कालवा. उरलेलं दूध साखर घालून उकळायला ठेवा. उकळी आली की कालवलेलं मिश्रण घालून ढवळत राहा. चार-पाच मिनिटांत दाटसर होतं. चमच्याच्या पाठीवर थर धरला की उतरवा. मीठ घाला. पूर्ण गार करा आणि झाकून चार तास फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभर ठेवलं तर अधिक चांगलं. ही पायरी सगळे टाळतात, मीही टाळायचो. पण या वेळात दूध पावडर आणि पीठ नीट फुगतात, सुटं पाणी धरून ठेवतात, आणि पुढे बर्फाचे खडे कमी होतात.

*मग* चक्का पुरणयंत्रातून काढा किंवा मिक्सरमधून एकदा फिरवा, कण राहता कामा नये. फ्रीजमधलं गार दूध त्यात थोडं थोडं घालत एकजीव करा. *गरम दुधात चक्का घातला तर सगळं फाटेल.* शेवटी सीताफळाचा गर घालून हाताने ढवळा. गराचे थोडे तुकडे तसेच राहिले तर खाताना मजा येते. चाखून बघा. आत्ता जरा जास्तच गोड लागलं पाहिजे, कारण गोठल्यावर गोडी कमी जाणवते.

चक्क्याचा आंबूसपणा कुणाला अजिबात नको असेल तर दोन लिटर दुधाचं ताजं पनीर करून, ते अर्ध्या लिटर दुधाच्या त्या गार मिश्रणाबरोबर मिक्सरमध्ये पार गुळगुळीत होईपर्यंत फिरवा. प्रथिनं तेवढीच पडतात. मात्र मिक्सर बराच वेळ चालवावा लागतो, नाहीतर रवा खाल्ल्यासारखं लागतं. मला चक्क्याचंच आवडतं. सीताफळ नुसतं गोड असतं, त्याला तो किंचित आंबटपणा शोभतो.

*गोठवणं*

साखर कमी करू का, हा प्रश्न सगळ्यात आधी येणार, म्हणून आत्ताच सांगतो. साखर फक्त गोडीसाठी नसते. तिच्यामुळे पाणी शून्याखालीही पूर्ण दगड होत नाही, आइस्क्रीम चमच्याला मऊ लागतं. साखर निम्मी केली आणि प्रथिनं वाढवली की फ्रीझरमधून वीट निघते, सुरीने फोडावी लागते. १३० ग्रॅमच्या खाली फार जाऊ नका. गूळ वापरायचा असेल तर गरम दुधात घालू नका, दूध फाटतं. दूध पूर्ण गार झाल्यावर पातळ गूळ घाला.

जुना लाकडी पॉट माळ्यावर पडला असेल तर काढा, त्याच्यासारखं काही नाही. तीन किलो बर्फाला साधारण एक किलो खडे मीठ, थर देत भरायचं. मिठामुळे बर्फ वितळतो आणि आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, पाण्याचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. वीस-पंचवीस मिनिटं फिरवलं, दांडा जड झाला, की झालं. पोरांना बसवा फिरवायला. झाकण मात्र सांभाळा, खारं पाणी आत गेलं की संपलं. आणि बाजारातला बर्फ फक्त बाहेरून वापरायचा, आत एक खडाही पडू द्यायचा नाही.

पॉट नसेल तर पसरट स्टीलचा डबा घ्या आणि दोन बोटं उंचीचाच थर भरा. दीड तासाने काठ गोठलेले आणि मधला भाग मऊ असेल. बाहेर काढा, रवीने किंवा मिक्सरने फेटा, परत ठेवा. तासाभराने पुन्हा, आणि जमलं तर तिसऱ्यांदा. दरवेळी बर्फाचे सुरू झालेले मोठे खडे मोडतात. शेवटी वर प्लॅस्टिकचा कागद थेट आइस्क्रीमला चिकटेल असा लावा, झाकण लावा आणि रात्रभर राहू द्या. खाण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवा.

एका दाराच्या फ्रीजमध्ये वरचा कप्पा तेवढा गार नसतो. कप्प्यात बर्फाचा थर साचला असेल तर आदल्या दिवशी डिफ्रॉस्ट करून घ्या आणि त्या दिवशी दार सारखं उघडू नका. लाईटचं वेळापत्रक बघून काम लावा. रात्री थ्री फेज असते आणि दिवसा लाईट जाते अशी वाडी असेल तर संध्याकाळी घाला. मध्येच लाईट जाऊन *आइस्क्रीम पूर्ण पातळ झालं आणि तसंच पडून राहिलं, तर ते पुन्हा गोठवून खाऊ नका.* गोठल्याने जंतू मरत नाहीत, झोपतात, आणि पातळ झालं की वाढायला लागतात. याच कारणाने कच्चं दूध आणि कच्चं अंडं यात कधीच घालायचं नाही. गोठ्यात गर्भपाताची तक्रार असेल तिथे तर कच्च्या दुधाच्या बाबतीत दुप्पट काळजी घ्या. ब्रुसेलोसिस दुधातून माणसाला होतो.

*सीताफळ संपल्यावर*

अंजीरवाल्यांनी उलटं लक्षात ठेवायचं. सीताफळ उकळायचं नाही आणि अंजीर उकळल्याशिवाय घालायचं नाही. ताज्या अंजिराच्या चिकात प्रथिनं तोडणारं द्रव्य असतं. पपई आणि अननसातही तसंच असतं. कच्चा गर दुधात पडला की थोड्याच वेळात दूध फाटल्यासारखं होतं आणि कडू लागतं. आपण तर प्रथिनंच वाढवून ठेवली आहेत, म्हणजे कडवटपणाही तेवढाच वाढणार. अंजीर, पपई, अननस यांचा गर थोड्या साखरेबरोबर तीन-चार मिनिटं खळखळ उकळा, पूर्ण गार करा, मग घाला. अंजिराचं मला फार आवडलं. मऊ पडलेलं, पॅकिंगमधून बाजूला काढलेलं अंजीर यासाठी एकदम योग्य.

आंबा आणि चिकू तसेच घाला, काही करावं लागत नाही. पेरू शिजवून गाळून घ्या, नाहीतर बिया दाताखाली येतात. स्ट्रॉबेरीत पाणी फार, म्हणून साखर घालून आटवून घ्या. कलिंगडाच्या नादाला लागू नका, बर्फच होतो. चिकूच्या आइस्क्रीमवर भाजलेल्या शेंगदाण्याचं भरड कूट पेरलं तर २५ ग्रॅमला आणखी ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. दाणे बुरशी लागलेले, खवट नकोत. आणि तात्यांसारखं दात नसलेलं माणूस असेल तर कूट बारीक करा.

*कुणी जपून खावं*

प्रथिनं आहेत म्हणून साखर नाहीशी होत नाही. मधुमेह असलेल्यांनी हे औषध समजून खाऊ नये. सीताफळ स्वतःच गोड आहे, वर आपण साखर घातली आहे. किडनीचा त्रास असलेल्यांना डॉक्टर बऱ्याचदा प्रथिनं कमी करायला सांगतात, त्यांनी विचारल्याशिवाय खाऊ नये. दूध पचत नसेल त्यांना चक्क्याचं तुलनेने सोसतं, पण आधी दोन चमचे खाऊन बघा.

*विकायचं मनात आलं तर*

येणारच, दोन-तीन बचत गटांच्या ताईंनी आधीच विचारलं आहे. एफएसएसएआयची नोंदणी केल्याशिवाय विकू नका, गावच्या जत्रेतसुद्धा नाही. नुसतं "आइस्क्रीम" असं नाव द्यायचं तर त्यात दुधाचं फॅट किमान १० टक्के लागतं. आपल्या या प्रकारात ते त्याहून कमी भरेल. कमी फॅटच्या प्रकारांची नावं नियमात वेगळी आहेत, ती डब्यावर तशीच लिहावी लागतात. आणि "हाय प्रोटीन" हे शब्द प्रयोगशाळेचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय छापायचे नाहीत. विकण्याचा विचार पक्का असेल तर आधी ऑफिसात या, बसून बोलू. घरी खायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

खर्चाचं विचाराल तर तुमच्या डेअरीच्या दराने अडीच लिटर दूध, पाव किलोच्या आतली साखर-पावडर आणि बाजूला पडलेलं फळ. दोन दिवसांच्या दुधातलं थोडं थोडं घरात ठेवलं तरी भागतं. एका वेळच्या कॅनमध्ये अडीच लिटर कमी गेले तर बिलात किती फरक पडतो ते स्लिपवर बघा, आणि तो आकडा पावडरच्या डब्याच्या किमतीशेजारी लिहा.

तात्या रोज दुपारी एक वाटी खात होते. दीड महिन्याने वॉकर सोडून काठीवर आले. आइस्क्रीममुळे आले असं मी म्हणणार नाही. व्यायाम होता, औषधं होती, आणि आई मागे लागलेली होती. पण वाटी मात्र एकदाही परत आली नाही.

या तोड्यातलं बाजूला पडलेलं फळ आजच वेगळं काढा आणि गर पिशवीत घालून ठेवा. करताना कुठे अडलं तर या नंबरवर लिहीत बसू नका, व्हॉइस मेसेज पाठवा, संध्याकाळी सातनंतर उत्तर देतो. चरचरलं, कडू झालं, वीट झाली, तर नेमकं काय काय घातलं ते प्रमाणासकट सांगा. फोटो ग्रुपवर टाका, पण वाटी रिकामी होण्याआधी काढा.